टाचांना बोलू द्या

योगवर्गात मी रोज सकाळी "मन रिकामं करा" असं सांगत असे, आणि नेमकी त्याच वेळी माझ्या मनात वैशाली ठाण मांडून बसलेली असे. देवाचं नाव घेतलं तरी तीच समोर यायची. इतकी वर्षं केलेली साधना म्हणजे नुसती अंगमोड होती की काय, अशी शंका मला खाऊ लागली होती.

वैशाली माझी विद्यार्थिनी. अमरावतीहून पुण्यात इंजिनियरिंग करायला आली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या एका खाटेचं भाडं भरून, राहायची आणि जवळच्या मंगल कार्यालयातल्या माझ्या वर्गाला यायची. मी पक्की पेठेतली, शिकवताना हातापेक्षा जीभ जास्त चालायची. कुणी पोक काढून उभं राहिलं की, "अहो, आसन करताय की पीएमटीच्या बसची वाट बघताय?" लोक हसत आणि सुधारत. वैशाली मात्र गंभीर चेहऱ्यानं ऐकत राहायची. पोरीला विनोद कळत नाही, असं मी धरून चालले होते.

पुढे तिला आयटी कंपनीत नोकरी लागली. मग ती नोकरी सोडून तिनं आयटीतल्याच लोकांना योग शिकवायला सुरुवात केली. बाणेरला काचेचा हॉल, एसी, आणि बोलण्यात मराठी-हिंदी-इंग्रजीची भेळ. माझ्याकडची तरुण मंडळी एकेक करून तिकडे गेली, माझ्या वाट्याला गुडघेदुखीवाले उरले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिचा फोटो आला, तो शेजारच्या काकूंनी मुद्दाम आणून दाखवला. "एसी छान आलाय फोटोत," मी म्हटलं. पण पोटात असं दुखलं की त्या दिवशी जेवण गेलं नाही. "बाई, एकदा वर्गाला या ना," असे तिचे फोन यायचे, आणि प्रत्येक फोननंतर मी जास्तच जळायचे.

शेवटी मी माझा वर्ग बंद करायचं ठरवलं. लोकांना सांगण्याआधी देवाच्या कानावर घालावं म्हणून एका सकाळी पर्वतीच्या टेकडीच्या पायऱ्या चढायला लागले. तिथल्या महादेवाला मी लहानपणापासून मानते, पण त्या दिवशी दर्शनाला नाही, भांडायला निघाले होते. तिला एवढं भरभरून दिलंस, मग माझं काय चुकलं, हा जाब मला विचारायचा होता. रागाच्या भरात ताडताड चढत असताना निम्म्या वाटेवर कंबरेत अशी उसण भरली की वर जाता येईना, खाली उतरता येईना. योगशिक्षिका भर पायऱ्यांवर वाकून उभी! ओळखीचं कुणी भेटू नये, एवढीच प्रार्थना तेव्हा सुचली.

व्यायामासाठी चढणारी एक अनोळखी मुलगी मला बघून थांबली.

"काकू, बसू नका. माझा हात धरा," ती म्हणाली. "कंबरेकडे लक्षच देऊ नका. टाचा खाली दाबा. टाचांना बोलू द्या, कंबर आपोआप गप्प बसते."

दुसरा इलाज नव्हता. मी टाचा दाबल्या. अडकलेला श्वास मोकळा झाला आणि हळूहळू पाठ सरळ झाली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"वैशाली मॅडमनी, बाणेरला. पण त्या म्हणतात, हे त्यांच्या बाईंचं वाक्य आहे. प्रत्येक नव्या बॅचला आधी तेच सांगतात."

मी तिथेच पायरीवर टेकले. वाक्य माझंच होतं, पण ती शिकवण नव्हती. एकदा ताडासनात ताठ उभं राहायचं सोडून मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजत होत्या, तेव्हा वैतागून मी म्हटलं होतं, "तोंडं मिटा, जरा टाचांना बोलू द्या." निव्वळ टोमणा. पुण्यात असे टोमणे ऊठसूट मारले जातात, ते लक्षात कोण ठेवतं? अमरावतीच्या त्या पोरीला तो टोमणा आहे हे कळलंच नव्हतं. बाई सांगतात म्हणून ती खरोखरच टाचांकडे लक्ष देत राहिली, आणि मला कधीच न सापडलेलं काहीतरी तिला त्यात सापडलं.

कुणी याला योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. मी देवाला जाब विचारायला निघाले होते आणि त्यानं मला अर्ध्या वाटेतच गाठलं, एवढंच मला माहीत आहे. त्या मुलीच्या आधारानं मी वर गेले. महादेवासमोर डोळे भरून आले, आणि वर्ग बंद करण्याचं बोलायचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी मी बाणेरला जाऊन शेवटच्या रांगेत उभी राहिले. वैशालीनं ते वाक्य म्हटलं आणि अख्खा हॉल सरळ झाला. माझ्या वर्गात लोक इतके सुंदर कधी उभे राहिले नव्हते. मत्सर पर्वतीवरच गळून पडला असेल असं मला वाटलं होतं. कसला गळतोय! पुन्हा अंगभर पेटला. तेवढ्यात वैशाली चालत मागे आली आणि फक्त मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, खांदे."

खरंच ते पार कानापर्यंत चढले होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे खांदे उतरवत आले, माझ्याकडे असं बघणारं कुणी नव्हतं. देवानं ते माणूस दिलं, आणि तेही हिच्या रूपात दिलं. मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडले आणि तिनं सांगितलं तसे खांदे खाली सोडले.