डोणीतले परदेशी मासे

ह्यांना मासेखात्यात नोकरी लागली, तेव्हा सासूबाईंनी शेजारीपाजारी ‘पाण्याचं सरकारी काम आहे’ एवढंच सांगितलं होतं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासा कुणी शिजवला नव्हता, की शिवलाही नव्हता. स्वातंत्र्याच्या जरा आधीची गोष्ट. ह्यांची बदली श्रीगोंद्याकडच्या एका मोठ्या तलावावर झाली आणि आम्ही तिघं तिथल्या बंगलीत राहायला गेलो.

जावा बेटाकडचा गुरामी नावाचा मासा या तलावात सोडावा, असं वरच्या साहेबांच्या मनात होतं. तो इथं जगेल का, आणि जगलाच तर इथल्या माशांच्या पोटावर पाय देईल का, हे ह्यांनी आधी पाहायचं होतं. मुंबईहून मासे आले. निम्मे ह्यांनी तलावातच बांबूच्या पिंजऱ्यात ठेवले. उरलेले काय खातात ते रोज बघता यावं, म्हणून त्यांना आमच्या अंगणातल्या दगडी डोणीत तलावाचं पाणी भरून सोडलं.

सासूबाई दोन दिवस तिकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अळू चिरताना एक पान उडून डोणीत पडलं आणि माशांनी ते बघता बघता संपवलं. सासूबाई डोणीपाशी उभ्याच राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्यातलेच दिसतात.” त्या दिवसापासून आमच्या आधी माशांचं पान वाढलं जाऊ लागलं.

ह्यांना मात्र त्या खादाडपणाचीच काळजी वाटू लागली. तलावाच्या कडेच्या गवतात इथले मासे अंडी घालतात, ते गवतच गुरामींनी फस्त केलं तर काय, असं ते म्हणत.

पौषात कडाका पडला. पिंजऱ्यातले मासे एकेक करून उताणे तरंगू लागले. डोणीतले मात्र मजेत होते. उघड्या अंगणातलं पाणी तर तलावाहून गार पडायला हवं, या कोड्यानं ह्यांची झोप उडाली. एका सकाळी त्यांनी डोणीत थर्मामीटर घातला, काढला, झटकला, पुन्हा घातला. शेवटी बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं.

सासूबाई बंबातल्या पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभ्या होत्या. प्रयोग कसा बिघडला ते ह्यांनी त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माझ्या दारात आलेल्याला मी काकडू देणार नाही. तुझ्या साहेबांना तसं कळव.”

हे आधी चिडले, मग पायरीवर बसून पोट धरून हसले. इथली थंडी या माशाला सोसत नाही आणि सोसली तरी तो तलावाचं गवत ठेवणार नाही, असा अहवाल गेला. साहेबांनीही तो मानला. डोणीतल्यांना परत मुंबईला बोलावणं आलं.

स्टेशनवर न्यायला टांगा आला तेव्हा सासूबाई फाटकापर्यंत आल्या. माशांचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या ह्यांना त्यांनी बजावलं, “सुखरूप पोचल्याचं कार्ड टाकायला सांग हो तिथल्या लोकांना.”