कुकरची सभा

आमच्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेला लोक कुकरसाठी यायचे. हे मी रागाने म्हणतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे, रागानेच म्हणतोय. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या त्या मंगल कार्यालयात शिरताना सभासदाला अहवाल आणि भेटवस्तूचं कूपन एकदमच मिळे. कूपन लोक खिशात जपून ठेवत आणि अहवालाने वारा घेत बसत.

त्या वर्षी मी काकूंना घेऊन गेलो होतो. काका-काकू बदलापूर गावात राहायचे. भातशेतीचा शेवटचा तुकडा बिल्डरला विकून आलेली सगळी रक्कम काकांनी याच बँकेत मुदत ठेवीत टाकली होती. इथे व्याज जरा जास्त होतं आणि चेअरमन गावातल्या प्रत्येक हळदीला हजर असायचे, एवढ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. त्याच पैशातून काकांच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी दिवाळीनंतर लगेच करून घ्या, असं बजावलं होतं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, म्हणून सवयीने अहवाल उघडला. पानोपानी फोटो: चेअरमनचा झालेला सत्कार, चेअरमनने केलेला सत्कार, पुन्हा चेअरमन. शेवटच्या पानांवर मुंगीएवढ्या अक्षरांत लेखापरीक्षकाचा शेरा होता. संचालकांच्या नातेवाइकांना पुरेशा तारणाशिवाय कर्जं दिली आहेत, हप्ते थकले आहेत, बँकेचा दर्जा खाली आणला आहे. सगळं छापलेलं होतं. लपवायचीसुद्धा गरज वाटली नव्हती त्या निगरगट्टांना.

व्यासपीठावरून विषय वाचला जाई आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मागून आरोळी येई, "मंजूर!" कर्जांचा विषय आला तेव्हा मी उभा राहिलो आणि थकबाकीचं काय करणार ते विचारलं. चेअरमन हसले. "तरुण सभासद अभ्यास करतात, आनंद आहे. लेखी द्या, लेखी उत्तर देऊ." शेजारच्या जीन्सच्या व्यापाऱ्याने माझा शर्ट ओढला. "बैठो ना साईं, सब का टाइम खोटी मत करो."

काकूंनीही माझं मनगट धरलं. "बस ना रे खाली. कशाला वाईटपणा घेतोस? एवढी मोठी माणसं, त्यांना काय कळत नाय?" आणि दुसरा हात वर करून त्या ओरडल्या, "मंजूर!"

चेअरमनपेक्षा मला तेव्हा त्या सभागृहाचीच शिसारी आली. स्वतःच्या पैशाचं वाटोळं होतंय ते हातात छापून मिळालंय, आणि तोंडात बँकेचा फुकटचा ढोकळा कोंबून हे लोक होकार देतायत! बाहेर कुकरच्या रांगेत ढकलाढकली झाली, त्यात काकूंची चप्पल तुटली.

घरी येऊन काकांना म्हटलं, ठेव आजच मोडा. काका म्हणाले, "मुदतीआधी मोडली तर व्याज कापतात. आणि उद्या चेअरमन हळदीत भेटले तर काय तोंड दाखवू?"

दिवाळीच्या आधीच बँकेवर निर्बंध आले. दारावर नोटीस लागली की किरकोळ रकमेपलीकडे कुणालाही पैसे काढता येणार नाहीत. मी सभेत बसून तासाभरात वाचलं ते वरच्या तपासनिसांना कळायला इतका उशीर का लागला, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही. संचालकांच्या घरच्या ठेवी मात्र आधीच सुखरूप निघून गेल्या होत्या.

आजारपणासाठी सवलत होती. अर्ज करायचा, पण ठेवीदाराने स्वतः येऊन सही करायची. शाखा पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. बदलापूरहून रिक्षाने आणलेल्या काकांना आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. त्यांच्या ओठांवर निळसर झाक आली होती. त्यांनी थरथरत्या हाताने सही केली. मॅनेजरने ती संगणकावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि कागद परत सरकवला.

"सही जुळत नाही."

"साहेब, माणूस तुमच्यासमोर बसलाय," काकू म्हणाल्या.

"मावशी, नियम आहे. उद्या काही झालं तर जोखीम कोणाची?"

काकांनी पुन्हा सही केली. पुन्हा जुळली नाही. मग प्रतिज्ञापत्र आणा, डॉक्टरचा दाखला आणा, तो मंजुरीसाठी मुंबईला पाठवू. मी तोंडाला येईल ते बोललो. मॅनेजरने पंख्याचा वेग वाढवला.

दाखला मुंबईला गेला आणि तिकडेच राहिला. संक्रांतीच्या आधी काका गेले.

काही महिन्यांनी ठेवींच्या विम्यात बसली तेवढी रक्कम आली, वारस म्हणून काकूंच्या नावावर. त्याच टेबलावर त्यांनी सही केली. मॅनेजरने ती बारकाईने पाहिली आणि मान डोलावली. जुळत होती.