नशाबंदीची सभा

ती सभा मी अजून विसरलेले नाही. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. गोदावरीच्या पात्रातल्या बेटावर माझं सासर, पदरी पाच महिन्यांचा मुलगा. बेटावरचे पुरुष गांजापायी इतके वाया गेले होते की नावाडीसुद्धा भर पात्रात वल्हं सोडून झुलत बसायचा. शेवटी माझ्या सासऱ्यांनी नशाबंदीची सभा बोलावली. बायकापोरांसकट सगळ्यांनी यायचं, असा हुकूम होता.

निघताना सासूबाईंनी नेहमीची डबी काढली. शेतात जाताना आम्ही सगळ्याच बायका तान्ह्यांना अफू द्यायचो, म्हणजे ती झाडाखाली दिवसभर निजत.

"पाज त्याला. सभंत रडाया नगं," त्या म्हणाल्या.

मी मोहरीएवढी गोळी बोटानं दुधात चोळली आणि पाजली.

देवळापुढे दोन तास भाषणं झाली. पुरुषांनी चिलमी नदीत फेकल्या. तालुक्याहून आलेले पुढारी खूश होऊन म्हणाले, "एवढी तान्ही पोरं, पण एक रडलं नाही. याला म्हणतात शिस्त."

सासरे मिशीतल्या मिशीत हसले. बायकांनी कौतुकानं आपापल्या मांडीकडे पाहिलं. माझ्या मुलाच्या उघड्या ओठावर माशी बसली होती आणि तो हलत नव्हता. मी ती हाकलली, तरी त्याची गुंगी उतरली नाही.

मग शपथेसाठी सगळ्यांना हात वर करायला सांगितलं. मीही केला. खाली घेताना तो नाकाजवळून गेला. बोटाला अजून अफूचा वास होता.