दादाचं हलकं स्टिअरिंग

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे असतात, उजेड असतो, गोड बोलणारी माणसं असतात. मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र असतं, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार असते आणि यंत्राशी वाकलेला एक माणूस असतो. ही गोष्ट त्या माणसाची. गल्लीत त्याला काचवाला म्हणत. त्याने घासलेल्या काचांतून अर्धा गाव जग बघायचा, पण त्याला स्वतःला फारसं कुणी बघितलेलं नव्हतं.

वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि त्याचा थोरला भाऊ नुकताच बसवर ड्रायव्हर लागला होता. त्या पोराला वाढवलं ते दादाने. वह्या आणल्या, तापात उशाशी बसला, वेळ आली तेव्हा कानाखालीही वाजवली. दादाचं नाव डेपोत मोठं होतं. त्याच्या गाडीत उभ्या म्हातारीला दांडी धरावी लागत नाही, असं लोक सांगत. रस्ता त्याच्या हाताखालून पाण्यासारखा वाहायचा.

मग त्या हातांत आजार शिरला. आधी शर्टाचं बटण लागेना, पुढे कुलपात किल्ली फिरेना. डॉक्टर म्हणाले, स्नायू एकेक करून साथ सोडतील आणि गेलेला परत यायचा नाही. डेपोने त्याला घरी बसवलं. दादा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या कानाने ऐकू लागला. "दुसरा टाक की रे, इंजिन रडतंय," असं परक्या ड्रायव्हरला घरातूनच बजावायचा. वहिनी म्हणायची, "तो ऐकतोय होय तुमचं?" दादा म्हणायचा, "इंजिन ऐकतंय."

काचवाल्याने त्याला कॉम्प्युटर आणून दिला आणि बस चालवायचा एक गेम. विकतचा गेम परक्या रस्त्यांचा असतो, पण हौशी माणसं त्यात आपापली भर घालतात. कुणी जुनी बस बनवतो, कुणी एखादं वळण. या भरीला मॉड म्हणतात. काचवाल्याने अशा पुष्कळ मॉड गोळा केल्या, एकमेकींशी भांडणाऱ्या वेगळ्या काढल्या आणि उरलेल्यांची एकत्र मोट बांधली. तिला मॉडपॅक म्हणतात. त्यात त्याने आपला डेपो घातला, पाण्याची टाकी घातली, वळणावरचं मोडकं कुंपण घातलं. डेपोत जाऊन बसचं दार उघडताना येणारा फुस्स आवाज फोनवर टिपून आणला, तोही घातला. दादाने तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाला, "सात नंबरच्या गाडीचा आहे. तिचं दार असंच उसासे टाकायचं."

दादाच्या वेळच्या निवृत्त ड्रायव्हरांनाही पॅकची कुणकुण लागली. त्यांचा फोनवर एक ग्रुप झाला आणि काचवाला अधूनमधून सुधारलेला पॅक त्यांना पाठवू लागला.

या खेळात प्रत्येकाची सेटिंग वेगळी. ब्रेक कुठल्या बटणावर, हॉर्न कुठल्या, स्टिअरिंग किती जड, हे ज्याने त्याने ठरवायचं. दादाने आपली सेटिंग आपणच लावली आणि बोटं थकत गेली तशी तीच हळूहळू बदलत नेली. धाकट्याला हात लावू दिला नाही. खेळताना कुणी मागे उभं राहिलेलंही त्याला खपत नसे. स्क्रीनची पाठ त्याने दाराकडे करून घेतली होती.

संध्याकाळी दुकानातून आला की काचवाला उंबऱ्यावरूनच विचारायचा, "काय दादा, गर्दी होती का?"

"फुल्ल. उभे होते. एक बाई खिडकीवरून भांडली."

"गेममधल्या बाया भांडत नाहीत दादा."

"माझ्या गाडीत भांडतात."

काचवाला हसत आत जायचा. आपण भावाला त्याचा रस्ता परत दिला, असं त्याला वाटायचं, आणि तसं वाटून तो सुखाने झोपायचा.

मग त्याने पॅकमध्ये नवा पूल घातला. कामाची घाई होती. पॅकच्या फाइली वेगळ्या काढण्याऐवजी त्याने स्वतःच्या गेमचं सगळं फोल्डरच गुंडाळलं आणि ग्रुपवर पाठवून दिलं. त्यात त्याची स्वतःची सेटिंगही गेली. दुकानाला निघण्याआधी त्याने दादाच्या कॉम्प्युटरवरही तो पॅक चढवला. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाच्या फाइली आधीच आहेत, त्यांच्यावर नव्या लिहायच्या का? खाली बटण होतं, 'सगळ्यांना हो'. त्याने ते दाबलं आणि चपला घातल्या.

दुपारी यंत्र थांबवून त्याने फोन बघितला, तर ग्रुपवर दंगा. मिशीवाले म्हणून एक जुने ड्रायव्हर होते, त्यांनी बोलून निरोप धाडला होता. "अरे काचवाल्या, माझ्या हॉर्नच्या जागी ब्रेक कुणी बसवला? हॉर्न मारला की गाडी उभी राहते. जन्मभर हॉर्न वाजवला, पण असा मान पहिल्यांदा मिळाला." काचवाला हसला. आपली चूक त्याच्या लक्षात आली. या लोकांना काय, दहा बोटं धड होती, घटकाभरात पुन्हा लावतील. मग त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आतून निघून गेलं. मालकाला सांगून तो घरी आला.

इंजिनाचा आवाज नव्हता. दादा खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, दुसऱ्या कुणी आणून ठेवल्यासारखे.

"आज रजा," तो म्हणाला.

"दादा, माझ्याकडून तुझी सेटिंग पुसली गेली."

"कळलं मला. गाडी माझी वाटेना."

"जुनी कुठेच ठेवलेली नाही रे. तू सांग, मी तशीच लावतो."

ज्या बोटांनी दादाने ती सेटिंग लावली होती त्यांतली कितीतरी आता उरली नव्हती. शेवटी त्याने हनुवटीने शेजारचं स्टूल दाखवलं. काचवाला पहिल्यांदाच स्क्रीनच्या त्या बाजूला बसला.

"वेग?"

"डावी तर्जनी. ती जिथे पडते ते बटण."

"ब्रेक?"

"अंगठा. खालची लांब पट्टी."

"स्टिअरिंग?"

"माउसवर. हलकं कर." काचवाल्याने स्क्रीनवरच्या मापाची खूण सरकवली. "अजून." त्याने सरकवली. "अजून."

"दादा, इतकं हलकं केलं तर फुंकर मारली तरी गाडी वळेल."

"फुंकरीएवढंच राहिलंय."

काचवाल्याने खूण टोकाला नेऊन सोडली. त्याला भावाकडे बघवेना, म्हणून तो यादीकडे बघत राहिला.

"हॉर्न?"

"नको."

"दार?"

"तेही राहू दे."

"दाराशिवाय पॅसेंजर कसे चढणार?"

दादा खिडकीबाहेर बघू लागला. "मी थांबतच नाही," तो म्हणाला. "तिथवर बोट पोचत नाही, छोट्या. स्टॉपवर माणसं दिसतात. मी मधल्या पट्ट्यातून काढतो गाडी, म्हणजे त्यांची तोंडं दिसत नाहीत."

म्हणजे ती फुल्ल गाडी, ते उभे लोक, ती भांडणारी बाई, यांतलं हल्ली कुणीच चढलेलं नव्हतं. दार उघडणारं बोट गेल्यापासून दादा रिकामी बस पळवत होता.

वहिनी दारात धुतलेले कपडे घेऊन उभी होती. "मला माहीत होतं भाऊजी," ती म्हणाली. "दाराचा तो फुस्स आवाज बंद झाला तेव्हाच. ह्यांना विचारायचा धीर होईना." ती कपड्यांची घडी करत आत गेली. घडी आधीच झालेली होती.

काचवाल्याने पुढे जे केलं ते त्याला मागच्या खोलीतल्या धंद्याने शिकवलं होतं. चौकट दुकानाची असते, पण काचेचा नंबर ज्याच्या त्याच्या डोळ्याचा. चौकट बदलून देताना कुणी गिऱ्हाइकाच्या काचेत आपला नंबर घालत नाही. त्याने आपली तयार सेटिंग पॅकमधून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. ज्याच्याकडे काहीच सेटिंग नसेल, त्या नव्या माणसालाच ती मिळावी. ज्याची आहे तिला पॅकने शिवू नये. नव्या बसला नवं बटण लागलं तर ते शेवटी जोडावं, आधीचं हलवू नये. आणि कुणाला आपली जुनी सेटिंग टाकायचीच असेल, तर पॅकने त्याला स्पष्ट विचारावं आणि उत्तर त्यानेच द्यावं. मिशीवाल्यांनी तो पॅक चढवून बघितला आणि कळवलं, "हॉर्न वाजतो. आता कुणी थांबत नाही. सगळं पूर्ववत."

दादाला तो म्हणाला, "दार माझ्याकडे दे. मी शेजारी बसतो."

"कंडक्टर होणार? तोंड बघ. लोक तुलाच वाट विचारत बसतील."

पण संध्याकाळी दोघं बसू लागले. दादा गाडी स्टॉपला अलगद लावायचा, काचवाला दार उघडायचा, माणसं चढायची. घरात तो उसासा पुन्हा ऐकू येऊ लागला आणि स्वयंपाकघरात वहिनीचा हात क्षणभर थांबू लागला. ते दिवस बरे गेले. भांडणाऱ्या बाईची गोष्ट दादाने पुन्हा सांगितली नाही. सांगायची गरज नव्हती.

पुढे डावी तर्जनी गेली. अंगठाही गेला. एके दिवशी माउसवरचा हात नुसताच पडून राहिला आणि बस मोडक्या कुंपणात शिरली. दादा म्हणाला, "तू घे."

काचवाल्याने घेतलं. ते स्टिअरिंग धडधाकट हाताच्या कामाचं नव्हतं. जरा श्वास जोरात घेतला तरी बस रस्ता सोडायची. सेटिंग बदलायची नाही हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. त्याने हात ढिला सोडायला शिकून घेतलं, खांदा पाडून, मनगट मेल्यासारखं ठेवून. पॅक पुन्हा पुन्हा सुधारला, नवे रस्ते आले, पण प्रत्येक वेळी दादाची सेटिंग जशीच्या तशी राहिली. काचवाल्याला त्याचा अभिमान वाटायचा. तरी गाडी हेलपाटत चालायची. दादाचा आवाजही आता बारीक झाला होता.

एका संध्याकाळी त्या आवाजात तो म्हणाला, "ती काढ."

"काय?"

"माझी सेटिंग. तुझी लाव."

"राहू दे ना दादा. मला जमतंय."

"तुला जमतंय. मागे उभ्या माणसांना हेलकावे बसतायत." तो दम घ्यायला थांबला. "माझा हात आता यायचा नाही, छोट्या. त्याच्यासाठी गाडी अडवून धरू नकोस."

पॅकने विचारलं, तुमची जुनी सेटिंग काढायची का? काचवाल्याने ते मोठ्याने वाचलं आणि भावाकडे बघितलं, कारण उत्तर त्याने द्यायचं होतं.

"हो," दादा म्हणाला.

काचवाल्याने बटण दाबलं. स्टिअरिंग जड झालं, त्याच्या हाताला बसेल असं. बस डेपोतून सरळ निघाली, पाण्याच्या टाकीवरून वळली, कुठेही डुलली नाही. त्याला समोरचा रस्ता धूसर दिसत होता, पण डोळे पुसायला त्याने हात काढला नाही.

"सावकाश," दादा म्हणाला. "पुढच्या स्टॉपला दोघं उभे आहेत."