चंद्रीच्या दहा स्लीपिंग बॅगा

चंद्रीनं ती निळी बॅग माझ्या मशीनवर आणून टाकली तेव्हा आधी वास आला, जळक्या प्लॅस्टिकचा. उघडून बघते तर पायाकडच्या बाजूला सात भोकं. कडा काळ्या, कडक झालेल्या आणि आतला पांढरा कापूस बाहेर डोकावतोय.

"काय केलंस गं हे?"

"देऊ झोपला व्हता यात," ती म्हणाली. "शेकोटीकडं पाय करून."

देऊ म्हणजे तिचा नवरा. मी कपाळाला हात लावला. कात्रपला माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. त्यातली पंधरा वर्षं ही बाई माझ्या पायरीवर बसून करवंदं आणि रानभाज्या विकते. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची ठाकरवाडी. तिकडे थंडीत शेकोटीकडे पाय करूनच झोपतात. घोंगडीवर ठिणगी पडली तर चिमटीनं विझवायची, कूस बदलायची, झालं. नायलॉन असं ऐकत नाही. ठिणगी पडली की ते तिथल्या तिथे वितळतं.

आता ही बॅग तिच्याकडे कशाला, ते सांगते. वाडीशेजारच्या माळावर विनीत नावाचा एक पोरगेलासा माणूस हिवाळ्यात दर शनिवारी शहरातली माणसं तंबूत राहायला आणतो. तंबू त्याचे, झोपायच्या बॅगा त्याच्या. वाडीतल्या बायकांनी भाकऱ्या भाजायच्या आणि भाकऱ्यांचेच पैसे घ्यायचे. चंद्रीनं एक दिवस त्याला तोंडावर विचारलं, "झोपायचं सामान आम्ही आणलं तर झोपायचं पैसं आमचं?" तो हसला, हो म्हणाला. पण पुढे हेही म्हणाला, की माणसं कुडकुडली आणि कोणी माझी बॅग मागितली, तर मी माझे शनिवार वांगणीकडे नेईन. म्हणजे भाकऱ्यांचं कामही गेलं. बाकीच्या बायका घाबरल्या. चंद्री उठली आणि बचत गटाच्या पैशांतून नमुन्याला एक बॅग घेऊन आली.

आणि त्या नमुन्याची ही होळी. मी तिला भरपूर बोलले. दुकानदार आता परत घेणार नाही, बचत गटाच्या बायका काय म्हणतील, अक्कल गहाण ठेवलीस का, सगळं बोलले. माझं बोलून होईपर्यंत तिनं पालेभाजीच्या चार जुड्या बांधल्या.

"झालं तुझं? आता ऐक मावशी. भोकं पडली तसा देऊ आगीपासून लांब सरला, उघड्या भुईवर. तर दात वाजाया लागले. वरून बॅग गरम, खालून बर्फ. मी हात घालून बघितलं. अंगाखाली कापूस पार चेपून जातो, मंग तो असून नसून सारखाच. दुसऱ्या दिवशी मी खाली भाताचा पेंढा टाकला. उन्हं तोंडावर आली तरी उठंना. बकऱ्या ओरडून ओरडून दमल्या."

मी छत्रीच्या कापडाचे सात तुकडे लावून भोकं बुजवून दिली.

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी उल्हासनगरला गेलो. मी गेले कारण कापडाची पारख मला आहे आणि तिथल्या व्यापाऱ्यांची भाषाही मला येते. जाताना मी मनात पक्कं केलं होतं, जाड बॅगा घ्यायच्या. रेनकोट आणि तंबू विकणाऱ्या कमलेशनं नेमक्या त्याच काढल्या. "आंटी, ये देखो, मायनस पाँच का माल. बरफ में भी पसीना आएगा." मला तर बघताक्षणी आवडल्या. गुबगुबीत, वर छान टोपीसारखा भाग.

चंद्रीनं चपला काढल्या, बॅग दुकानाच्या फरशीवर अंथरली आणि सरळ आत शिरली. दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हिला कुठली लाज? उताणी झोपून झालं, कुशीवर वळून झालं. मग गुडघे पोटाशी घ्यायला गेली आणि अडकली.

"पायाकडं निमुळती हाय ही. गुडघे कुठं ठेवायचे माणसानं? आणि आपल्याकडं बरफ पडतो का?"

बाहेर आली ती घामानं डबडबून. मग तिनं वरच्या फळीवरची चौकोनी, पातळ बॅग मागितली. तिची चेन खालपर्यंत उघडते, सगळी उघडली की गोधडीसारखी पसरते. त्यातही चंद्री झोपली, वळली, गुडघे घेतले. डोळे मिटून आतून चेन लावली, काढली, परत लावली. नुसत्या एकीची नाही, एकेक करत बारांची. दोन बॅगांची चेन कापडात अडकत होती, त्या तिनं बाजूला ठेवल्या. शेवटी दहाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन दुकानात चार पावलं चालून बघितलं, कारण माळापर्यंत चढ तिलाच चढायचा होता.

"बाई, ये गर्मी का माल है," कमलेश म्हणाला. "ठंडी में कस्टमर गाली देगा."

मीही त्याच्याच बाजूनं बोलले. "चंद्रे, शहाणपणा पुरे. जाड तेच उबदार."

"मावशी, तू कधी भुईवर झोपलीस?"

तीस वर्षं मी लोखंडी पलंगावर झोपते. एका जाड बॅगेच्या किमतीत तीन पातळ येत होत्या, तेव्हा माझ्या मुद्द्यात तसाही दम नव्हता.

परत येताना तिनं जीन्सच्या कारखान्यांबाहेर पडलेली कटपीसची पोती दाखवली. पेंढा टोचू नये म्हणून जाड कापड हवं, म्हणाली. मग काय, चार दिवस मी तिच्या दहा खोळी शिवत बसले. पँटी अल्टरला दिलेली गिऱ्हाइकं माझ्या नावानं खडे फोडत होती. वाडीतल्या बायकांनी खोळींत नवा पेंढा भरला आणि दहा गाद्या तयार झाल्या.

शनिवारी मीही वर गेले. माझ्या खोळी बघायच्या आहेत असं सांगितलं, पण खरं म्हणजे मला तिची काळजी वाटत होती. एका ऑफिसातली दहा माणसं आली होती. विनीतनं आमची बॅग दोन बोटांत धरून बघितली. "ही काय, चादर आहे?" त्याच्या जाड बॅगा गाडीतच होत्या आणि गाडीचं दार त्यानं मुद्दाम उघडं ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं.

चंद्रीनं मात्र दाराकडे ढुंकून बघितलं नाही. जेवणं होईपर्यंत शेकोटी, मग शेकोटी सोडून तंबूत, असं तिनं सगळ्यांना बजावलं. प्रत्येक तंबूत जाऊन चेन कशी लावायची ते दाखवलं. मला ती ठिगळांची निळी बॅग मिळाली, खाली नुसता पेंढा. माझ्या गुडघ्यांची अवस्था मला ठाऊक, मी काही झोपत नाही, असं म्हणतच आडवी झाले. उठले ती कोंबडा आरवल्यावर.

बाहेर येऊन पहिल्यांदा गाडी बघितली. दार तसंच उघडं, बॅगा तशाच रचलेल्या. एकीलाही कुणी हात लावला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तक्रार एकाचीच होती. सहा फुटांच्या वर उंच गडी, त्याचे खांदे बॅगेबाहेर राहत होते. त्यानं स्वेटर चढवून भागवलं होतं आणि हसत हसत सांगत होता. चंद्री हसली नाही. त्याला तंबूच्या खांबाशेजारी उभं केलं आणि डोकं पोचलं तिथे कोळशानं रेघ मारली.

तेवढ्यात विनीत चहाचा कप घेऊन आला. जीन्सची गादी पायानं दाबून बघितली, मग वाकून हातानं. "पुढच्या शनिवारी चौदा जण आहेत," तो म्हणाला. "बॅगा तुमच्याच धरतो."

मी तिच्या जागी असते तर हात जोडले असते. चंद्री रेघेकडेच बघत होती.

"चौदांची उंची इचारून बुधवारपर्यंत फोन कर," ती म्हणाली. "लांब माणसाला लांब बॅग लागती. आणि तुझ्या त्या बॅगा आता आणू नको, गाडीत उगा जागा अडती."

विनीतनं कप खाली ठेवला, मोबाइल काढला आणि मुकाट्यानं लिहून घेतलं.