शून्य नायट्रेट

माझा दादा खाटीक. दुकानात त्याचा सुरा चालायचा आणि घरी हात. लहानपणी त्याने माझा दात पाडला, पुढे शेजाऱ्याचं मनगट मोडलं, आणि वहिनी माहेरी गेली ती कायमचीच. मला त्याची भीती वाटायची. तरी मी त्याच्याच घरात राहायचो, कारण त्याच्याशिवाय मला कुणी नव्हतं.

एवढा आडदांड माणूस, पण पुढच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे मांजर व्हायचा. टाकीत चार मासे आणि जिवंत प्रवाळ. त्यातला हिरव्या बोटांसारख्या प्रवाळाचा गुच्छ वहिनीने आणलेला. घरात तिची तेवढीच खूण उरली होती. दर रविवारी दादा टाकीतलं पाणी छोट्या बाटलीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचा. पाणी गुलाबी झालं म्हणजे नायट्रेट, म्हणजे घाण, म्हणजे मला शिव्यांची लाखोली. त्याला शून्यच हवं होतं. त्यासाठी त्याने पाण्याचा मळ उपसणारं मोठं यंत्र आणलं, फॉस्फेट नावाची दुसरी घाण शोषणारे दाणे दुप्पट भरले, माशांचं खाणं दिवसाआड केलं. तरी बाटली गुलाबीच.

ती माझ्यामुळे. उपाशी मासे काचेला तोंड लावून बघायचे आणि मला राहवायचं नाही. दादा दुकानात गेला की मी रोज गोठवलेल्या कोळंबीचा चुरा टाकायचो.

एका रविवारी फ्रीजमध्ये बर्फामागे त्याला ते पाकीट सापडलं.

"तू? माझ्या टाकीत? हरामखोरा!"

पहिला ठोसा जबड्यावर बसला. मी पडलो तशा त्याने लाथा घातल्या, केसांना धरून टाकीपर्यंत फरफटत नेलं आणि तोंड काचेवर आपटलं. "बघ! बघ काय करून ठेवलंस!" काचेवरून माझं रक्त ओघळलं. मग त्याने मला जिन्यावरून ढकलून दिलं.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यात दातांना तार बांधली. मित्राच्या घरी मी नळीने दूध ओढत पडून राहिलो आणि रोज मनातल्या मनात त्याच्याच सुऱ्याने त्याचा गळा चिरला.

पाचव्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"शून्य आलं," तो म्हणाला. "प्रवाळ सगळे पांढरे पडले रे. टाकीचं सामान विकणारा येऊन बघून गेला. म्हणाला, पाण्यात थोडी घाण लागतेच यांना, तीच खाऊन जगतात. तुम्ही उपाशी मारलंत."

मी गेलो. टाकीत चार मासे आणि प्रवाळांचे नुसते सांगाडे. वहिनीच्या गुच्छाची तीन बोटं तेवढी हिरवी होती. दादाने कोळंबीचं पाकीट माझ्यापुढे धरलं.

"तूच टाक. माझ्या हाताने नको."

मी चिमूटभर चुरा टाकला. नीट दिसावं म्हणून टाकीवरचा दिवा लावायला त्याने हात वर केला, आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला चिकटलो.

दादाचा हात तसाच वर राहिला. मग त्याने तो हळूच खाली घेतला आणि माझ्यापासून लांब जाऊन उभा राहिला. दिवा मीच लावला.