कातडं कुणी ताणलं

"कातडं आमच्या या माणसानं ताणलंय. मांगवाड्यातून थेट शारजाला. पण हात काही विसरले नाहीत बरं का."

साहेब माइकवर हे बोलले आणि अख्खा हॉल हसला. अठ्ठ्याण्णव साल, मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन. मी स्टेजच्या कडेला उभा. शेजारी लामीन बसलेला, पुढ्यात त्याचं वाद्य, कोरा, एकवीस तारांचा. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. लोक हसले म्हणून तोही हसला. टाळ्या वाजवल्या त्यानं. लोकांच्या हसण्यापेक्षा मला त्या टाळ्या जास्त लागल्या.

लामीन गांबियाचा. पिढीजात गाणारा आणि वाद्यं बनवणारा. दुबईच्या एका हॉटेलनं त्याला लॉबीत वाजवायला आणलं आणि दोन वर्षांनी त्याच्या जागी कीबोर्डवाला बसवला. मग तो शारजातल्या रोल्ला भागात आमच्या फर्निचरच्या दुकानामागे कोरे बनवू लागला. अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं. तारा म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, शारजाच्या मासळी बाजारातली. मी त्या दुकानात सुतार.

उन्हाळ्यात त्याची दोन कातडी वाळताना फाटली. तिसरं मी ताणलं. वर ओलं गोणपाट टाकून सावलीत सावकाश वाळवलं. ते टिकलं. त्यानं माझे हात धरून विचारलं, कुणी शिकवलं. बापानं, म्हणालो. माझा बाप हलग्या बनवायचा.

लामीनच्या घराण्याची एक रीत होती. वाजवण्याआधी नावं घ्यायची. भोपळा कुणी कापला, कातडं कुणी ताणलं, त्यांचे बाप कोण, काय करायचे. मी हात जोडले त्याला. मराठी लोकांपुढे माझं नाव घेऊ नकोस. हलगी म्हटलं की आमच्यात जात कळते. इथे मी फक्त सुतार आहे, तेवढंच राहू दे.

साहेबांना मात्र मी स्वतःच सांगितलं होतं. ते दुकानाचे मॅनेजर, पुण्याचे. शुक्रवारी घरी जेवायला बोलवायचे, वहिनी आग्रहानं वाढायच्या. इथे आपण सगळे फक्त मराठी, असं म्हणायचे. बाप गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या केबिनमध्ये रडलो. बापाच्या हलगीशिवाय गावात वरात निघत नव्हती आणि लग्नाच्या पंगतीत त्याला पान नव्हतं. सगळं बोललो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, परमुलखात भाऊ मिळाला. काय मूर्ख होतो मी. दोन वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं आणि एका हशासाठी काढलं.

कार्यक्रम संपल्यावर लामीननं त्याच्या बाजारी हिंदीत विचारलं, "क्या बोला वो?"

"तेरा तारीफ किया," मी म्हणालो.

साहेबांनी मला दगा दिला, मी लामीनला. त्यानंतरच्या शुक्रवारी जेवायचं बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

महिन्याभरानं मी लामीनला खरं सांगितलं. तो भोपळा घासत होता, थांबला. त्यांच्याकडे म्हणे राजे गाणाऱ्याला सोनं द्यायचे, मुलगी द्यायचे नाहीत. जुन्या काळी काही ठिकाणी गाणारा मेला तर जमिनीत पुरत नसत, पीक करपेल म्हणून. झाडाच्या ढोलीत ठेवत.

"फिर भी मैं बाप का नाम लेता हूँ," तो म्हणाला. "तूने मना किया, मैंने तेरा नहीं लिया. उस दिन मेरा बाजा अधूरा बजा."

साहेबांनी माझं हसं केलं होतं, पण बापाला पहिल्यांदा लपवलं ते मी. हे त्या दिवशी कळलं.

गणपतीच्या आधी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मंडळाच्या गणपतीला लामीनला घेऊन ये, तूही हलगी आण, धोतर आणि लाल फेटा घाल, ऑथेंटिक वाटेल. मी म्हणालो, येतो. पण आधी माइकवर बापाचं नाव घेणार, आणि वरातीत वाजवून तो उपाशी घरी यायचा, तेही सांगणार.

"अरे, कौतुकच केलं होतं मी. मनाला काय लावून घेतोस? आणि फंक्शनमध्ये जात कशाला आणायची?"

"तुम्ही आणलीत. आता पुढचं मी सांगतो."

त्यांचा चेहरा बदलला. व्हिसा कंपनीचा आहे, लक्षात ठेव, म्हणाले.

"खलास, साहेब. कॅन्सल करा."

केबिनबाहेर येऊन मी माझी हत्यारं गोळा करायला लागलो.

निघायच्या आदल्या दिवशी लामीननं तापलेल्या खिळ्यानं नुकत्याच बनवलेल्या कोऱ्याच्या कातड्यावर माझं नाव डागलं. त्याखाली बापाचं मी डागलं. मग नावं घेऊन तो वाजवू लागला. त्याच्या तोंडून बापाचं नाव वेडंवाकडं निघालं, पण पूर्ण निघालं. ऐकायला मी एकटा होतो.

आता मी गावी हलग्या बनवतो. मंडळं येतात, शाळा येतात, पुढारी येतात. सगळ्यांना एकच अट. वाजवण्याआधी माझ्या बापाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. माझ्या अंगणात नाही, तुमच्या चौकात. मध्यंतरी साहेबांच्या मंडळाचीही मागणी आली, दहा हलग्यांची. अट सांगितली. विचार करून कळवतो, म्हणाले.

करा विचार. नाव घेणार नसाल तर हलगी मिळणार नाही.